मायकेल फॅराडे : एका लोहारपुत्राचें चरित्र

आपल्या नाशिक शहराची कीर्ति जशी गोदावरीमुळें तशीच तांब्यापितळेच्या भांड्यांमुळेंहि दूरवर पसरलेली आहे. तांबटाकडचें नवें भांडें घरीं आलें, कीं त्यास कल्हई करून घेणें आपल्या आईआजींस अगत्याचें वाटे. कल्हईवाला प्रथम भांडें तापवितो, नवसागर टाकून त्याचें अंग स्वच्छ करितो, आणि मगच त्यावरून कथलाचा हात फिरवितो. अंगावर मळ राहिला तर कल्हई धरत नाहीं. तो थर अगदीं पातळ असतो. परंतु त्याच्या योगानें आंबट पदार्थ कळकत नाहीं. वस्तूचें अंग एका द्रव्याचें ठेवून तिचें कातडें दुसऱ्या द्रव्याचें करावें व तिचे गुण वाढवावे, ही युक्ति आपल्या लोकांस फार दिवसांपासून ठाऊक आहे.

हीच युक्ति आजच्या शास्त्रानें फार वरच्या पायरीवर नेली आहे. सातपूर व अंबड येथील यंत्रशाळांतून पोलादास भोकें पाडणाऱ्या हत्यारांचीं टोकें पुष्कळदां सोनेरी दिसतात. पाहणारास वाटावें कीं त्यांवर सोन्याचें पाणी दिलें आहे. वस्तुतः तें सोनें नव्हे. टायटॅनियम नांवाचा धातु आणि हवेंतील नत्र वायु यांच्या संयोगानें झालेला तो पदार्थ असून त्यास टायटॅनियम नायट्राइड म्हणतात. चिनी मातीचीं भांडीं ज्या सिरॅमिक वर्गांत मोडतात त्याच वर्गांतला, परंतु त्यांहून कितीतरी कठीण असा हा पदार्थ आहे. त्याच्या थराची जाडी बहुधा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-चौपट, म्हणजे डोक्याच्या केंसाहून पुष्कळच कमी असते. तथापि तेवढ्यानें हत्याराचें आयुष्य कित्येक पटींनीं वाढतें. असला थर दाट व्हावा आणि घट्ट बसावा म्हणून त्यावर आयन नांवाच्या विद्युद्भारित कणांचा मारा करितात. आयन हा शब्द शास्त्राच्या भाषेंत १८३४ सालीं आला. तो ज्यानें रूढ केला तो पुरुष एका गरीब लोहाराचा मुलगा होता. त्याचेंच चरित्र येथें वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

मायकेल फॅराडे याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहरालगतच्या न्यूइंग्टन ह्या भागांत झाला. त्याचा बाप जेम्स हा उत्तर इंग्लंडांतून पोटासाठीं राजधानींत आलेला लोहार. त्याची प्रकृति अशक्त असल्यामुळें भात्यापुढें त्याचें काम नित्य चाले असें नाहीं. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ सालीं धान्य अतिशय महागलें, तेव्हां ह्या मुलाच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई, आणि तोच त्याला सबंध आठवडा पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें आणि थोडें अंकगणित एवढेंच त्याचें शाळेंतील शिक्षण झालें. परंतु त्या घरांत धर्माची मात्र वाण नव्हती. आईबाप सँडिमेनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. पवित्र शास्त्र हेंच विश्वासाचें व आचरणाचें प्रमाण मानावें, धनाचा सांठा करूं नये, गरजू बंधूस साह्य करावें, अशी त्या पंथाची शिकवण होती. तीं बीजें मायकेलच्या मनांत बाळपणींच पडलीं, आणि पुढें मानसन्मानाचें कडक ऊन लागलें तरी तीं करपलीं नाहींत.

तेरा वर्षांचा असतां, म्हणजे १८०४ सालीं, तो रीबो नांवाच्या एका पुस्तकविक्याकडे निरोप्याचें काम करूं लागला. घरोघर वर्तमानपत्रें पोंचवावयाचीं हें त्याचें काम. पुढच्या वर्षीं धन्यानें त्याचा प्रामाणिकपणा पाहून फी न घेतां सात वर्षांच्या कराराने त्यास पुस्तकबांधणी शिकविण्याचें कबूल केलें. बांधणीसाठीं येणारें पुस्तक हा मुलगा बाहेरून बांधी आणि आंतून वाची. एका मोठ्या ज्ञानकोशांतील विजेवरील लेख त्याच्या हातीं आला. तसेंच श्रीमती मार्सेट ह्या विदुषीनें रसायनशास्त्रावर लिहिलेलें संवादरूप पुस्तकहि आलें. वाचलेलें खरें कीं खोटें हें आपल्या हातानें करून पाहिल्यावांचून त्यास चैन पडेना. चार पैसे वांचवून त्यानें सामान आणलें व घर्षणानें वीज उत्पन्न करणारें एक लहानसें यंत्र स्वतः बनविलें. शहरांत टेटम नांवाचे एक गृहस्थ शास्त्रविषयांवर व्याख्यानें देत. त्यांस प्रत्येकीं एक शिलिंग पडे. तें शिलिंग मायकेलचा वडील भाऊ रॉबर्ट देई. हा भाऊहि लोहारच होता. १८१० सालीं बाप वारला, आणि घराचा भार त्या दोघां भावांवर व त्यांच्या आईवर पडला.

१८१२ सालीं दुकानांतील एका गिऱ्हाइकानें ह्या होतकरू तरुणास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंतील व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. व्याख्याते सर हंफ्री डेव्ही हे त्या काळचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. फॅराडेनें चार व्याख्यानें ऐकलीं, तीं घरीं येऊन सविस्तर उतरून काढलीं, त्यांत आकृत्या काढल्या, आणि स्वतःच्या हातानें सुंदर बांधणी करून तें पुस्तक डेव्हींकडे पाठविलें. शास्त्राच्या सेवेंत कसलेंहि काम मिळावें, एवढीच त्याची विनंति होती. डेव्हींनीं त्यास भेटीस बोलाविलें, परंतु लगेच जागा नव्हती. कांहीं आठवड्यांनीं ती रिकामी झाली, आणि ता. १ मार्च १८१३ रोजीं फॅराडेची प्रयोगशाळेंत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग, आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या. बाटल्या धुणें व उपकरणें मांडणें ह्या कामापासून त्यानें आरंभ केला.

त्याच वर्षाच्या आक्टोबरांत डेव्ही हे पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाले व फॅराडेस बरोबर घेऊन गेले. ह्या दीड वर्षांत त्यास अँपियर, व्होल्टा अशा थोर शास्त्रज्ञांचें दर्शन घडलें. परंतु त्याचबरोबर अपमानहि सोसावा लागला. डेव्हींचा नोकर आयत्या वेळीं न आल्यानें त्याचीं कामें फॅराडेवर पडलीं, आणि डेव्हींच्या पत्नीनें त्यास नोकराप्रमाणेंच वागविलें. परत जावें असें त्याच्या मनांत कित्येकदां आलें. तरीहि ज्ञान मिळविण्याची ही संधि मानापमानासाठीं दवडूं नये, असें ठरवून तो शेवटपर्यंत राहिला. १८१५ सालीं लंडनला परत आल्यावर त्यानें पुन्हां प्रयोगशाळेचें काम हातीं घेतलें, तें पुढें जवळजवळ पन्नास वर्षें सोडलें नाहीं.

१८२१ हें वर्ष फॅराडे यांच्या आयुष्यांत महत्त्वाचें ठरलें. जून महिन्यांत आपल्याच मंडळींतील सेरा बर्नार्ड हिच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांनीं मंडळीपुढें आपल्या विश्वासाचा उघड अंगीकार केला. सप्टेंबरांत त्यांनीं विजेचा प्रवाह वाहणारी तार लोहचुंबकाभोंवतीं सारखी फिरत राहते, असें दाखविलें. आज पंखा फिरतो, पाण्याचा पंप चालतो, त्या सर्व यंत्रांचें मूळ ह्या लहानशा प्रयोगांत आहे. परंतु ह्याच शोधानें त्यांच्यावर किटाळ आणिलें. वुलस्टन नांवाचे शास्त्रज्ञ असल्याच एका कल्पनेवर विचार करीत होते. त्यांची कल्पना फॅराडेनीं चोरली अशी कुजबूज सुरू झाली. लोहाराच्या मुलाजवळ नांवलौकिकावांचून दुसरें धन तें कोणतें? फॅराडे स्वतः वुलस्टन यांच्याकडे गेले व खरा प्रकार निवेदन करून त्यांचें मन त्यांनीं निर्मळ केलें. पुढें रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं फॅराडे यांचें नांव सुचविण्यांत आलें, तेव्हां त्या सोसायटीचे अध्यक्ष डेव्ही हेच विरोध करूं लागले. ज्यानें हात धरून वर आणिलें तोच मार्ग अडवून उभा राहावा, ह्याहून मोठी कसोटी नाहीं. १८२४ च्या जानेवारींत फॅराडे निवडून आले. प्रतिकूल मत फक्त एक पडलें. इतकें झाल्यावरहि डेव्हींविषयींची कृतज्ञता त्यांनीं जन्मभर बाळगली.

१८२५ सालीं ते प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षीं त्यांनीं बेंझीन हा द्रव शोधून काढला. नंतरचीं कांहीं वर्षें दुर्बिणीसाठीं उत्तम कांच तयार करण्याच्या कंटाळवाण्या कामांत गेलीं. भट्टीपुढें दिवसचे दिवस बसून त्यांनीं शिसें मिसळलेली जड कांच तयार केली. दुर्बिणीच्या दृष्टीनें त्या श्रमांचें फळ फारसें दिसलें नाहीं. परंतु देवाच्या हिशेबांत प्रामाणिक श्रम वायां जात नाहींत, ह्याचा प्रत्यय त्यांस पुढें वीस वर्षांनीं आला, तो योग्य स्थळीं सांगूं.

ता. २९ आगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंस तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांत विजेचा प्रवाह सोडतांच दुसऱ्यास जोडलेली चुंबकसूची किंचित् हालली व पुन्हां स्थिर झाली. प्रवाह बंद करतांच ती उलट दिशेस हालली. दुसरा एखादा असता तर एवढ्याशा हालचालीकडे त्यानें दुर्लक्ष केलें असतें. फॅराडेनीं मात्र ओळखलें कीं स्थिर चुंबकत्वानें नव्हे, तर बदलत्या चुंबकत्वानें वीज उत्पन्न होते. थोड्याच आठवड्यांत वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर करून त्यांनीं वीज मिळविली. आपल्या जवळच एकलहरें येथें उभारलेलें प्रचंड वीजकेंद्र ह्याच तत्त्वावर रचलेलें आहे. रात्रीं ज्या दिव्याखालीं तुम्हीं अभ्यास करितां, त्याचा उजेड त्या लोखंडी कड्याचा ऋणी आहे.

आतां आयनांकडे वळूं. १८३२ पासून फॅराडेनीं द्रवांतून वीज सोडून त्यांचें पृथक्करण कसें होतें ह्याचा कसून अभ्यास केला. जितकी वीज द्रवांतून जाईल तितक्याच प्रमाणांत पदार्थ सुटा होतो. आणि तीच वीज निरनिराळ्या द्रवांतून गेली तर सुटे होणारे पदार्थ आपापल्या रासायनिक तुल्यभाराच्या प्रमाणांत असतात, असे दोन नियम त्यांनीं बसविले. मुलामा देण्याची विद्या ह्याच नियमांवर चालते. नव्या गोष्टींस नवीं नांवें हवीं होतीं. फॅराडेंस ग्रीक भाषा येत नव्हती. म्हणून केंब्रिज येथील विद्वान् ह्यूएल यांचा सल्ला त्यांनीं संकोच न धरितां घेतला. अशा रीतीनें १८३४ सालीं ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द प्रचारांत आले. आयन ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ जाणारा, प्रवासी असा आहे. विजेच्या ओढीनें एका ध्रुवाकडे जाणारा पदार्थाचा अंश तो आयन. आज आपण जाणतों कीं ज्या अणूनें एखादा इलेक्ट्रॉन गमावला किंवा अधिक घेतला, तो अणु म्हणजे आयन. फॅराडे यांच्या काळीं इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, तरी त्यांनीं दिलेलें नांव टिकून राहिलें.

१८३८ सालीं त्यांनीं कांचेच्या पात्रांतील हवा पुष्कळशी काढून टाकून उरलेल्या विरळ हवेंतून वीज सोडली. आंत प्रकाश दिसला, परंतु कॅथोडपासून थोड्या अंतरावर एक काळा पट्टा राहिला. त्यास आजहि फॅराडेचा अंधारपट्टा म्हणतात. पुढें १८४५ सालीं, ज्या जड कांचेचे श्रम निष्फळ वाटले होते, तीच कांच त्यांनीं बलिष्ठ चुंबकाच्या ध्रुवांजवळ ठेवली व तींतून प्रकाशकिरण सोडला. चुंबकाच्या प्रभावानें त्या किरणाच्या कंपनाची पातळी वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध आहे, हें ह्या प्रयोगानें प्रथम दिसून आलें. फॅराडे यांस उच्च गणित येत नव्हतें. त्यांच्या कल्पनांस गणिताचें रूप देण्याचें काम पुढें मॅक्सवेल ह्या तरुण विद्वानानें केलें.

आपल्या विषयाशीं अगदीं जवळचा असा त्यांचा प्रयोग १८५७ सालचा आहे. त्या वेळीं ते पासष्ट वर्षांचे होते. सोन्याचा वर्ख ते प्रकाशापुढें धरून पाहूं लागले. त्या वर्खाची जाडी एका इंचाच्या सुमारें २,८०,००० व्या भागाएवढी असून त्यांतून येणारा प्रकाश हिरवट दिसे. त्याहून पातळ थर मिळावा म्हणून त्यांनीं सोन्याच्या बारीक तारेंतून विजेचा जबर लोट सोडला. तार क्षणांत उडून जाई, आणि तिचे सूक्ष्म कण जवळच्या कांचेवर बसून तेथें पातळ पडदा तयार होई. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवून त्यांनीं माणकासारखें लाल पाणीहि बनविलें; त्याच्या कांहीं बाटल्या लंडनच्या त्या संस्थेंत जतन करून ठेवल्या आहेत. पदार्थ अति पातळ किंवा अति बारीक झाला, कीं त्याचे गुणच बदलतात, ही गोष्ट त्यांनीं डोळ्यांस दिसेल अशी करून ठेवली.

ह्या पुरुषाचें अंतरंगहि पाहिलें पाहिजे. कारखानदारांच्या वतीनें पृथक्करणें व सल्लामसलत करून ते पुष्कळ पैसा मिळवूं शकत होते, व कांहीं काळ मिळवीतहि होते. परंतु तें काम संशोधनाच्या आड येतें असें दिसतांच त्यांनीं बहुतेक सर्व सोडून दिलें, आणि संस्थेच्या सालीना १०० पौंडांच्या वेतनांत व इतर थोड्या मिळकतींत संतोष मानिला. सरदारकीची पदवी त्यांनीं नाकारली. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि नाकारलें. मुलांसाठीं नाताळांत व्याख्यानें देण्याची प्रथा १८२५ पासून त्या संस्थेंत सुरू झाली. तीं व्याख्यानें मात्र त्यांनीं अनेकदां दिलीं. १८६० च्या नाताळांत त्यांनीं एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं, तीं पुस्तकरूपानें जगभर वाचलीं जातात. त्यांस स्वतःस मूलबाळ नव्हतें. समोर बसलेलीं सारीं मुलें तीं त्यांचींच.

१८४० सालीं ते आपल्या मंडळीचे वडील झाले. आठवडाभर प्रयोगशाळेंत खपणारा हा जगद्विख्यात पंडित प्रभूच्या दिवशीं कारागिरांच्या व दुकानदारांच्या त्या लहान मंडळींत उपदेश करी आणि आजाऱ्यांच्या घरीं जाई. १८४४ सालीं मंडळींत कांहीं वाद उपस्थित झाला व त्यांत इतर अनेकांबरोबर फॅराडे यांसहि बाहेर ठेवण्यांत आलें. राजेरजवाडे ज्याचा सत्कार करीत, त्या पुरुषास त्या मूठभर लोकांनीं वगळावें, हा घाव त्यांच्या मनास फार लागला. दुसऱ्या पंथांत त्यांस कोणीहि आनंदानें घेतलें असतें. ते गेले नाहींत. थोड्या आठवड्यांनीं मंडळीनें त्यांस पुन्हां आंत घेतलें, परंतु वडीलपण गेलें तें सोळा वर्षेंपर्यंत. १८६० सालीं मंडळीनें त्यांस पुन्हां वडील निवडलें. मधल्या काळांत ते सामान्य सभासद म्हणून नम्रपणें मागच्या रांगेंत बसत राहिले.

उतारवयांत त्यांची स्मरणशक्ति क्षीण होत गेली. काल केलेला प्रयोग आज आठवेना, म्हणून ते प्रत्येक गोष्ट क्रमांक घालून वहींत टिपून ठेवीत. १८५८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांस राहावयास घर दिलें. तेथेंच ता. २५ आगस्ट १८६७ रोजीं आपल्या आरामखुर्चींत बसले असतां त्यांनीं शांतपणें देह ठेविला. राजेमहाराजांच्या पंक्तींत वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन होण्याचा मान त्यांस नको होता. हायगेट येथील दफनभूमींत, साध्या दगडाखालीं, त्यांस मूठमाती देण्यांत आली.

त्यांच्या हयातींतच, १८५२ सालीं, त्यांचे स्नेही ग्रोव्ह यांनीं विरळ वायूंत वीज सोडली असतां कॅथोडचा धातु कणाकणानें उडून समोर बसतो, असें पाहिलें होतें. १८८६ सालीं जर्मनींत गोल्डस्टाइन यांनीं छिद्रें पाडलेल्या कॅथोडच्या पाठीमागें किरण निघतांना पाहिले. ते धन विद्युद्भाराच्या आयनांचे झोत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या झोतांस कारखान्यांत काम मिळालें.

तें काम कसें चालतें, तें थोडक्यांत पाहूं. हत्यार निर्वात पेटींत ठेवितात. प्रथम अरगॉन वायूच्या आयनांचा झोत त्यावर सोडून पृष्ठभागावरील गंज व मळ उडवून टाकितात. आपला नवसागर करितो तेंच हें काम, पण अणूच्या मापानें. नंतर टायटॅनियमची वाफ हत्यारावर बसूं लागते. तिचे अणु मंद गतीनें येतात व जेथें पडले तेथेंच राहतात. त्यामुळें थर एकसंध न होतां ज्वारीच्या शेतांतील ताटांसारखा उभ्या खांबांनीं वाढतो, आणि खांबांच्यामध्यें फटी राहतात. अशा फटींतून थर तडकतो. म्हणून थर बसत असतांनाच त्यावर नत्राच्या आयनांचा झोत सोडितात. त्यास कांहींशें ते हजारभर व्होल्टांचा वेग दिलेला असतो. हे आयन सैल अणूंस धक्का देऊन फटींत बसवितात, आणि त्यांतील कित्येक स्वतः टायटॅनियमशीं संयोग पावतात. थर दाट होतो व पोलादास घट्ट धरून राहतो. ह्या रीतीस फार उष्णता लागत नाहीं. केवळ वायूंच्या रासायनिक क्रियेनें असला थर बसविण्याची जुनी रीत सुमारें १००० अंश उष्णता मागते, आणि तेवढ्या उष्णतेनें पोलादाचें पाणी उतरतें. व्हिकर्स मापानें पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणा ८०० ते ९०० च्या आसपास असतो; ह्या थराचा २००० च्या वर जातो. मात्र मारा प्रमाणांत हवा. तो अति झाला तर थरांत ताण सांठतो, आणि तो पापुद्र्यासारखा निघून येतो.

झोतांतील आयन मोजण्यासाठीं जें लहानसें धातूचें पात्र वापरतात, त्यास फॅराडेची वाटी असेंच नांव आहे. आपल्या मुंबईंतहि, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत, आयनांस प्रचंड वेग देणारें पेलेट्रॉन नांवाचें यंत्र १९८० नंतरच्या दशकांत उभें राहिलें. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ती संस्था यांनीं मिळून तें उभारिलें. त्याचा वेग थर बसविणाऱ्या झोतांहून कितीतरी अधिक. परंतु विजेनें आयन ओढावयाचा, हें तत्त्व एकच.

ह्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, हाताच्या कामाची लाज धरूं नये. फॅराडे यांचीं बोटें पुस्तकबांधणींत तयार झालीं होतीं, म्हणूनच त्यांचे प्रयोग इतके नेटके उतरले. आपल्या शरणपूर येथें एकोणिसाव्या शतकांत मिशनने चालविलेल्या शाळेंत लोहारकाम व सुतारकाम शिकवीत, आणि गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकेंतील मुलेंहि तेथें शिकलीं. त्यांपैकींच जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर १८७४ सालीं इंग्लंडास गेला. ऐरणीजवळ वाढलेला मुलगा कोठवर जाईल, हें कोणीं सांगावें?

दुसरी गोष्ट, विद्या व नम्रता यांचा विरोध नाहीं. फॅराडे सृष्टीस देवाचें लेखन मानीत, आणि तें वाचतांना स्वतःचें नांव मध्यें येऊं देत नसत. तिसरी गोष्ट पालकांसाठीं आहे. त्या मुलास घरची श्रीमंती नव्हती. परंतु व्याख्यानासाठीं शिलिंग देणारा भाऊ, वाचूं देणारा धनी, आणि तिकीट देणारें एक गिऱ्हाईक एवढें त्यास मिळालें. आपल्याहि घरांत, आपल्या शेजारीं, वाटेंतल्या एखाद्या दुकानांत असें एखादें मूल असेल. त्याच्यासाठीं तेवढें शिलिंग आपल्या खिशांतून निघावें, एवढीच ह्या लेखाची पालकांस विनंति आहे.